कंसाने उचललेलं

ऑफिसात येणाऱ्या मेलची चाळणी त्याने स्वतः लिहिली होती, आणि तिचा त्याला कोण अभिमान! विषयाच्या ओळीत तक्रारीचा क्रमांक दिसला, की नियमातला कंस, म्हणजे हवा तो मजकूर टिपणारी ( ) ही खूण, नेमका तेवढा तुकडा उचलायचा आणि त्या नावाचं फोल्डर तयार व्हायचं. क्रमांक नसलेला मेल थेट कचऱ्यात.

धाकट्या बहिणीने हॉस्पिटलातून पाठवलेला शेवटचा मेल तसाच कचऱ्यात गेला होता. ती गेल्यावर आठवड्याने तो त्याला सापडला. त्याने तो कायमचा पुसून टाकला आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

आज दुपारी एक नवं फोल्डर दिसलं. ‘दादा’.

“कुणीतरी गंमत केली असेल हो,” शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

त्याने सगळे मेल धुंडाळले. तो शब्द कशातच नव्हता. मग त्याने कंस आवळला: आकड्यांशिवाय काहीही उचलायचं नाही. चाचणीसाठी स्वतःलाच मेल पाठवला, ‘तक्रार ४१७’.

कंसाने उचललं, ‘दादा, फोन’.

त्याने अख्खा नियमच काढून टाकला. आता उचलणारंच काही उरलं नव्हतं. तरी एक कोरा मेल पाठवून पाहिला.

फोल्डर तयार झालं. ‘दादा, फोन उचल ना.’

तिच्या मेलमध्ये एवढीच ओळ होती.

त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता.

“अहो, उचला की आता!” बाई वैतागून म्हणाल्या. “सकाळपासून वाजतोय नुसता. कान किटले माझे.”