गरम इंजिन

सुमय्यानं झाकण उचलून इंजिनावर तळहात टेकवला आणि लगेच मागे घेतला. इंजिन गरम होतं.

"राजेंद्रभाऊ, काल फोनवर मी काय सांगितलं होतं? मी येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही."

बोटीचे मालक राजेंद्रभाऊ मूळचे लोणावळ्याचे. बारा वर्षं पवना धरणाच्या पाण्यावर बोट चालवून आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून ती विकायला काढलेली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "सकाळी जरा फिरवली," ते म्हणाले.

सुमय्या हसली. असले मालक तिनं पुष्कळ पाहिले होते. अलिबागकडच्या जेट्टींवर पाच वर्षं स्पीडबोटींची इंजिनं खोलून ती कामशेतला परतली होती आणि स्वतःच्या हातावर, कानावर, नाकावर तिचा भलताच विश्वास होता. तो उगाचही नव्हता. जुन्या इंजिनाचं दुखणं थंड असतानाच कळतं, हा तिचा पहिला नियम. रात्रभर निवलेलं इंजिन पहिल्या चावीत सुरू झालं, की निम्मी परीक्षा पास. म्हणून तर बनेल मालक गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतात. तिच्या तपासणीच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता : थंड इंजिन किती चाव्यांत सुरू झालं? ती जागा तिनं रिकामी सोडली.

बोट घेणारा कैलास शेजारी उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता. पलीकडच्या काठावर त्याचे पर्यटकांसाठी तंबू होते. गेल्या वर्षी त्यानं अशीच एक जुनी बोट घेतली होती. दुसऱ्याच फेरीत ती ऐन मध्यावर बंद पडली. बोटीत दोन लेकरं होती आणि वारा सुटलेला. कुणाला काही झालं नाही, पण कैलासची झोप उडाली ती उडालीच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आज येताना त्यानं सुमय्याला सांगूनच टाकलं होतं, "ताई, तू हो म्हनलीस तर घेतो. न्हाई म्हनलीस तर पुन्यांदा बोटीचं नाव काढनार न्हाई."

दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन. सुमय्यानं सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. सारखं. गिअरचं तेल बोटावर घेतलं. स्वच्छ, पाणी शिरल्याचा दुधाळपणा नाही. इंजिन सुरू केलं तर आवाजही खणखणीत. इतकं सगळं चांगलं पाहून तिचा संशय वाढलाच. चांगल्या इंजिनाला तापवून ठेवायची गरज काय?

मग ती वाकली आणि तिला हवं ते सापडलं. इंजिनाखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या एका पात्याला खडकाची ठेच होती. ताजी, चकाकणारी. बोटीच्या तळाशी पाणी साचलेलं, त्यात चिखल.

"ही ठेच कधीची?"

"लागली असंल कुठंतरी."

"आणि आत पाणी कुठून आलं?"

राजेंद्रभाऊ पुन्हा पाण्याकडेच बघायला लागले. सुमय्याला वाटलं, संपलं. इंजिन तापवलेलं, पंखा आपटलेला, बोट गळकी. तिनं पेनाला टोपण लावलं.

"कैलासदादा, यंत्र बरं आहे. पण मालक काहीतरी लपवतोय, आणि लपवलेल्यावर मी सही करत नाही."

"नको तर नको," राजेंद्रभाऊ शांतपणे म्हणाले.

कैलासचा चेहरा उतरला. तो चपला घालून निघालाच होता, तेवढ्यात काठावरून एक बाई ताम्हण घेऊन लगबगीनं आली. मासे धरणाऱ्या रखमाजीची बायको, रतनबाई. ती कुणाला काही न विचारता गुडघाभर पाण्यात शिरली आणि सुमय्याला म्हणाली, "सरक गं बाई जरा." तिनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि त्यावर डोकं टेकवलं.

"मावशी, हे काय?" सुमय्या बावरली.

"सात वाजता आमचं मालक जाळं काडाया गेलतं. बसायची टायरची टूब उलटली, त्या खडकापाशी. मी बोंब मारली तर ह्यो भाऊ दुखऱ्या गुडघ्यानं पळत आला. पार खडकात बोट घातली अन् वडून आत घेतलं त्येंला. आता दवाखान्यात च्या मागतंय म्हातारं." रतनबाई हसता हसता रडायला लागली.

सुमय्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती राजेंद्रभाऊंकडे वळली. "अहो, मग सांगायचं ना मला!"

उत्तर कैलासनं दिलं, मान खाली घालून. "ताई, आमच्या काठावर काढनारा बोलत न्हाई. पान्यातनं काढलेल्या मानसाचा काढनाऱ्यानंच गाजावाजा केला, की पानी त्येला पुन्यांदा मागतं. माज्या ध्यानात यायला पायजे व्हतं."

राजेंद्रभाऊंनी आताही पाण्याकडेच पाहिलं. सुमय्यानं पेनाचं टोपण काढलं.

"मावशी, एकच सांगा. यांनी चावी किती वेळा फिरवली?"

"येकदाच," रतनबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा फिरवाया येळ कुटं व्हता?"

सुमय्यानं कागद गुडघ्यावर धरून सही केली. मग वरची ती रिकामी जागा भरली : एका चावीत. साक्षीदार रखमाजी, जिवंत.