जागचं हलायचं नाही

आईच्या बोटांनी कंट्रोलर चालवायचं सोडून दिलं, तशी केतकी पडद्याकडे झुकली.

पडद्यावरचा आईचा खेळाडू, कंदीलवाला, भुयारातल्या एका चौकात नुसता उभा होता. ते भुयार, त्यातली वळणं, फसव्या वाटा, सगळं केतकीनेच रचलेलं. जन्मात गेम न खेळलेल्या माणसाला त्यातून वाट सापडते का, ते आज बघायचं होतं. आई नेमकी चिपळूणहून आलेली, म्हणून तिलाच खुर्चीत बसवलं. नियम एकच: रचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

मागे टीम लीड चुळबुळत होता. "अडकल्या त्या. लोक वैतागून गेम बंद करतील, केतकी. हे भुयार काढूनच टाक."

केतकीने ओठ चावला. उजवीकडे वळ ना गं, एकदाच! पण आई ढिम्म.

शेवटी लीडनेच विचारलं, "काकू, पुढे का जात नाही तुम्ही?"

"वाट चुकले ना मी," आई शांतपणे म्हणाली. "हरवलं की जागचं हलायचं नाही. आपलं माणूस शोधत येतं. हिला लहानपणी जत्रेत हेच बजावायचे."

केतकी दिवाळीलाही घरी गेली नव्हती. याच भुयाराचं काम संपत नव्हतं.

तिने दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर उचलला. "अगं, नियम..." लीड म्हणेपर्यंत ती भुयारात शिरलीसुद्धा. वळणन् वळण पाठ होतं. अखेर चौकातला कंदील दिसला.

पडद्यावरची नजर न हटवता आई म्हणाली, "किती उशीर केलास गं."