अण्णांचा फिल्टर

फिल्टरच्या नळीतून पाणी झोपलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळावी तसं गळत होतं. बघूनच कुंदनला शिसारी आली. टाकीत अण्णांचा ऑस्कर मासा वर तोंड काढून धापा टाकत होता. परवा वर्षश्राद्ध. मासा त्याआधी मेला, तर बापाला दिलेला शब्द मातीत.

शब्द दिला होता चारचौघांत, गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीच्या घाटावर. दशक्रियेला कावळा पिंडाला शिवेना. आत्याने हात जोडले, वहिनीला आम्ही बघू म्हणाली. कावळा ढिम्म. कुणी घराचं, कुणी गावच्या शेताचं कबूल केलं. शेवटी कुंदन म्हणाला, "अण्णा, तुमचा मासा, टाकी, फिल्टर, सगळं मी साफ ठेवीन." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर. पुंजारामअण्णांचा जीव माशातच अडकला होता बघा, असं सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं.

कबूल केलं खरं, पण वर्षभरात त्याने फिल्टरला बोटही लावलं नव्हतं. घाण वाटायची, दुसरं काय. सातपूरला कारखान्यात दिवसभर तेलात हात घालणारा हा गडी, पण माशाची ती बुळबुळ बघितली की चार हात लांब पळायचा. आणि आयतं निमित्त होतं आईचं. प्रतिभाबाई त्याला हात लावू देत नव्हत्या. "हवा तर नवा आण. पण हा जुना उघडायचा नाही. आहे तसा टाकीखाली राहू दे," एवढंच म्हणायच्या.

कुंदनला त्यात माया दिसायची. लहानपणी दर रविवारी आई मोरीत बसून फिल्टरचा स्पंज पिळायची आणि अण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे राहून हसायचे. एरवी दोघं कधी जवळ दिसलीच नाहीत. अण्णा गेल्यावर तर ती सैरभैर झाली होती. अस्थी घरात घेत नाहीत म्हणून कलश गच्चीवर टांगला होता, तर दिवा लावायला एकटीच वर जायची. घरात माणसं रडताहेत आणि ही कढीपत्त्याच्या कुंडीला शेणाची राख घालत बसलेली. रामकुंडात गुरुजींनी सांगितलं तसं कुंदनने तोंड फिरवून कलश पालथा केला, तेव्हाही ती बाजूला हात बांधून उभी होती.

आज प्रतिभाबाई वणीला देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. मासा आता एका कुशीवर कलला. मग मात्र कुंदनने नाकाला रुमाल बांधला आणि टाकीखालचं कपाट उघडलं.

मासे विकणारा अमोल फोनवर एकेक सांगत होता. आधी नळी बघ. नळी चोंदलेली नव्हती. आत ओढणारी जाळी बघ. तिच्यावर शेवाळ होतं, पण पाणी अडेल इतकं नाही. मग डबा उघड. कुंदनने खटके उघडले आणि झटकन मागे सरकला. कुजक्या अंड्यासारखा वास. स्पंज काळा, चिकट, शेंबडासारखा ओघळणारा. त्याखाली मात्र करडा, कचकचीत गाळ गच्च बसलेला. मोटरच्या भिंगरीतही तोच अडकला होता. पाणी येणार कुठून, डोंबलाचं?

गाळात पांढरट, भोकंभोकं पडलेले तुकडे होते. कुंदनने एक बोटांत धरून चुरडला. फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंगा जुन्या होऊन फुटल्या असतील, असं त्याला वाटलं. त्याने अमोलला व्हिडिओवर दाखवलं. अमोल म्हणाला, रिंगा तर सगळ्या शाबूत दिसताहेत. मग तुझ्या वडिलांनीच शंखशिंपल्यांचा चुरा टाकला असेल, जुनी माणसं टाकायची. फेकून दे.

कुंदनने सगळा गाळ बादलीत खरवडला. मोरी तुंबेल म्हणून बादली हात लांब करून सोसायटीच्या मागे नेली आणि नाल्यात उपडी केली. वर दोन वेळा थुंकला. घरी येऊन साबणाने हात धुतले, परत धुतले, तरी वास जाईना.

पण फिल्टर जोडला आणि पाण्याची अशी धार लागली की मासा सरळ झाला. कुंदनचे डोळे भरून आले. अण्णा, केलं बुवा एकदाचं.

संध्याकाळी प्रतिभाबाई प्रसादाची पिशवी घेऊन दारात आल्या आणि आधी त्यांना धारेचा आवाज ऐकू आला. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"आतला गाळ कुठंय?"

"फेकला. काय घाण होती गं, आई. मागच्या नाल्यात ओतला."

"नाला कुठं जातो?"

"कुठं म्हणजे? गंगेलाच मिळतो."

प्रतिभाबाई खाली बसल्या. अण्णांची आठवण आली असणार, म्हणून कुंदनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी हळूच बाजूला केला.

"दर रविवारी ती घाण माझ्याकडून नुसत्या हातांनी काढून घेतली त्यांनी. तुझ्या बहिणीच्या, सायलीच्या वेळी दिवस गेले होते, मी तिथंच ओकायची, आणि ते चहा पीत हसायचे. रामकुंडात तू सोडलीस ती कुंडीतली शेणाची राख होती, कुंदन. त्यांना मी त्यांच्याच घाणीत कोंडलं होतं, मुक्ती मिळू नये म्हणून. तू नेऊन गंगेला लावलंस."