पाच बोटांचा गरुड

"चित्र काढायला प्राणिशास्त्र कशाला गं?" ट्रकच्या फाळक्यावर गरुड रंगवताना हणमंत पेंटर लेकीवर खेकसला.

तेजलला विद्यापीठात जायचं होतं. तिथं चित्रकलेसोबत बाकीचे विषयही घेता येत. बापाचा हट्ट निव्वळ चित्रकलेच्या शाळेचा, जी त्याच्या नशिबात नव्हती. फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस.

"आबा, गरुडाला बोटं किती?"

"पाच! वीस वर्षं काढतोय मी."

तेजलनं शेजारणीची कोंबडी उचलून तिचा पाय बापापुढं धरला. "मोजा. गरुडाच्या पायालाही एवढीच."

हणमंतनं दोनदा मोजली. चारच. मग स्वतःच्या पंजाकडे पाहून तो खदखदून हसला. वीस वर्षं जिल्हाभर त्यानं माणसाच्या हाताचे गरुड पळवले होते!

टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पाचवं बोट पुसत तो म्हणाला, "भर विद्यापीठाचा फॉर्म. आणि घोड्याचा गुडघा कुठं वाकतो, तेही विचारून ये."