दहा मिनिटांचा रस्ता

गाडी जागची हलेना. चौकातला सिग्नल कितव्यांदा तरी हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, आणि कुणाचंही चाक फिरलं नाही.

"पुढे काहीतरी झालेलं दिसतंय," संचालक म्हणाले. "अपघातबिपघात."

"नाही सर. रोज असंच असतं," शेजारच्या सीटवरची वाहतूक विभागाची इंजिनिअर म्हणाली.

ही गर्दी तिनेच पिशवीत घालून आणली असावी, अशा नजरेने संचालकांनी तिच्याकडे पाहिलं.

शहराच्या टोकाला असलेल्या त्या ऑफिसवस्तीत पाच मोठ्या कंपन्या होत्या आणि तिथे जायला रस्ता एकच. पाचही कंपन्या नऊला उघडत. इंजिनिअरचं म्हणणं साधं होतं. थोडे लोक सातला येऊ द्या, थोडे नऊला, थोडे अकराला. रस्ता आपोआप मोकळा होईल. चार कंपन्यांनी होकार दिला होता. पाचवी, सगळ्यांत मोठी, या संचालकांची. तिच्याशिवाय बाकीच्या चार कंपन्यांच्या होकाराचा काही उपयोग नव्हता, आणि संचालक अडून बसले होते. त्यांनी नाहीच म्हटलं तर रस्ता रुंद करायचं ठरलं होतं. त्यात वाटेतल्या शाळेचं अख्खं मैदान जाणार होतं.

संचालकांचा मुद्दा एकच. शिस्त. ते स्वतः रोज सातला ऑफिसात हजर असत. नऊच्या ठोक्याला दारापाशी येऊन उभे राहत आणि उशिरा येणाऱ्याला नजरेनेच सोलून काढत. माघारी सगळे त्यांना 'भोंगा' म्हणत. ट्रॅफिक हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. "मीही त्याच रस्त्याने येतो," ते म्हणत. "दहा मिनिटं लागतात."

इंजिनिअरने त्यांच्या ऑफिसचे उंबरे झिजवून पाहिले. दर वेळी त्यांना वेळ नसायचा. शेवटी ती म्हणाली, "सर, ऑफिसात नकोच. तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत गाडीतच बोलू. दहा मिनिटांत आटपते. फक्त निघायचं साडेआठला."

तिने खरंच दहा मिनिटांत आटपलं. त्यानंतर पाऊण तास ती गप्प बसून होती, आणि गाडी अजून शाळेपाशीच होती.

संचालकांनी हॉर्न वाजवला. पुढच्या गाडीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "उडू का?"

डावीकडे एक माणूस स्टिअरिंगवर आरसा टेकवून निवांत दाढी करत होता. उजवीकडच्या गाडीत एक बाई होती. तिची नजर संचालकांच्या नजरेला भिडली आणि ती एकदम सीटवर खाली सरकली. ती त्यांच्याच कंपनीत पगाराचं काम बघायची. आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नका, असं त्यांनी कालच तिला बजावलं होतं. आणि आता नऊ कधीच वाजून गेले होते. तिचेही, त्यांचेही.

तेवढ्यात फोन वाजला. पत्नीचा आवाज गाडीभर घुमला.

"अहो, वाचायचा चष्मा राहिलाय तुमचा. पोचलात ना?"

"नाही. ट्रॅफिकमध्ये आहे."

"ट्रॅफिकमध्ये? तुम्ही?" ती खळखळून हसली. "मग आज तुमच्या वाटेला कुणी जायला नको! नवीन नोकरी लागली तेव्हा आठवतंय ना? रोज चिडून जायचात आणि चिडून यायचात. एक दिवस पहाटेच उठून बसलात आणि म्हणालात, आजपासून मी सातलाच जाणार, ती गर्दी नको आणि ती कटकट नको. तेव्हापासून माझ्या घरात शांतता आहे बाई."

"ठेव आता," ते घाईघाईने म्हणाले.

"ठेवते. पण काय हो, बाकीचे लोक बिचारे रोज कसं निभावत असतील?"

फोन बंद झाला. इंजिनिअर खिडकीबाहेर बघू लागली. मैदानावर मुलं चेंडूमागे पळत होती. स्वतःचा भाचा खेळत असल्यासारखी ती अगदी मन लावून बघत होती.

संचालकांचे कान लाल झाले. इतकी वर्षं ते शिस्त शिस्त म्हणत आले होते. म्हणता म्हणता ते त्यांनाही खरंच वाटायला लागलं होतं.

त्यांनी उजवीकडची काच खाली केली. पलीकडच्या बाईला वर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनेही काच खाली केली.

"सर, मी लवकर निघाले होते. खरंच."

"ते दिसतंय," संचालक म्हणाले. "सातला येता येईल तुम्हाला?"

"सातला?" तिचा चेहरा पडला. "मुलाला शाळेत कोण सोडणार, सर? आत्तासुद्धा शेजारणीच्या हातापाया पडते. त्याला सोडून अकराला यायचं असतं, तर धावत आले असते."

"धावत कशाला? गाडीनेच या. अकराला."

बाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आज, सर?"

"आज आता जेव्हा पोचाल तेव्हा. पोचलो तर दोघंही बरोबरच पोचू."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. पुढची गाडी हातभर सरकली होती. इंजिनिअरने हळूच विचारलं, "सर, मग तुमची कंपनी तयार आहे असं समजू?"

संचालकांनी गाडी हातभर पुढे घेतली आणि ब्रेक दाबला.

"मी तर केव्हाच तयार झालो होतो," ते म्हणाले. "बाकीच्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं."