द्वाड म्हणजे लाडकी

"द्वाड आहे हो तुझी बायको!" असं म्हणत दुर्गाआत्या स्वयंपाकघरात गेल्या.

चैत्रा बंगळूरची, मराठी नुकतीच शिकत होती. तिने नवऱ्याला विचारलं, "द्वाड म्हणजे काय?"

"लाडकी," श्रीरंग हसू दाबत म्हणाला.

तिला शंका आली. घरातला जाडजूड शब्दकोश त्याने पटकन माळ्यावर टाकला. कोकणातल्या सासरच्या गावात रेंज नव्हती, म्हणून ऑनलाइन शोधणंही जमेना. पण निघण्याआधीच तिने लॅपटॉपमध्ये नेटशिवाय चालणारा शब्दकोश घालून घेतला होता. त्यात अर्थ सापडला: खोडकर, व्रात्य.

दुपारी पंगतीत ती गोड आवाजात म्हणाली, "आत्या, या घरात सगळ्यात द्वाड तुम्हीच!"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. श्रीरंगला ठसका लागला.

"कुणी शिकवलं गं हे?"

"यांनीच. द्वाड म्हणजे लाडकी ना?"

आत्यांनी भाच्याचा कान पिळला. मग चैत्राच्या पानात तूप वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "खरा अर्थ ठाऊक आहे ना तुला?"

चैत्राने मान डोलावली.

"वाटलंच मला," आत्या खुदकन हसल्या. "बरं झालं आलीस. इतकी वर्षं या घरात मी एकटीच होते."