उद्या आणून देतो

व्हिडिओ गेमच्या एकेचाळीस कॅसेट कपाटात उभ्या होत्या आणि मधली एकच जागा रिकामी होती. रणगाड्यांची ती कॅसेट सातवीत असताना शेजारच्या परागने नेली होती, "उद्या आणून देतो" म्हणत.

तीस वर्षांनी आज त्याने ती खरंच आणली. मी सवयीने तिच्यात फुंकर मारून लावली, तर चक्क चालली. ती जागेवर ठेवून मी ऐटीत चहा टाकायला गेले.

कप घेऊन आले, तर पराग कार रेसची कॅसेट हातात घेऊन उभा.

"एक दिली की एक न्यायची. आपल्या गल्लीचा नियम."

माझा संग्रह चहा उकळेपर्यंतच पूर्ण राहिला होता.

"परत कधी देशील?"

"उद्या."

"म्हणजे आणखी तीस वर्षांनी," मी म्हटलं आणि धूळ लागू नये म्हणून त्याला पिशवी काढून दिली.